चमचाभर निवळ पाणी

९ जून

चि. मिरी,

आशीर्वाद आहेत, पण जरा हात राखून.

पत्राचं कारण एकच. माझ्या चष्म्याचा डबा तुझ्या बॅगेत गेलाय. तपकिरी, ज्याच्या झाकणाला मी रबर लावलंय तो. चष्मा इथे आणि डबा भर समुद्रात, याला काही अर्थ आहे का? तेवढा परत पाठव. काम संपलं.

पण तुमच्या त्या संशोधनाच्या जहाजाला टपाल तीन-चार आठवड्यांतून एकदा, सामानाच्या बोटीबरोबर जातं म्हणे. इतक्या दिवसांनी एकदा जाणारा कागद अर्धा कोरा पाठवणं माझ्या जिवावर येतं. म्हणून उरलेल्या जागेत लिहिते. चौथीपर्यंतची माझी शाळा, तेव्हा काना-मात्रा शोधत बसू नकोस.

तुला जाऊन पाच आठवडे झाले. जाताना "येते" एवढंसुद्धा म्हणाली नाहीस. तुझी आई फोनवर रोज विचारते, "आई, तुमचं दोघींचं नक्की झालं काय?" मी सांगते, काही नाही, जहाजाची घाई होती. मुलीशी खोटं बोलायला लावलंस, हे तुझ्या खात्यात.

झालं काय ते आपल्या दोघींना माहीत आहे. तरी लिहून ठेवते, कारण तू एक आठवशील आणि मी दुसरं. तुझ्या त्या बारा काचेच्या चंबूंत हिरवं पाणी होतं. समुद्रातली डोळ्यांना न दिसणारी तरंगती झाडं, तू त्याला प्लवक म्हणतेस. चार महिने ट्यूबलाइटखाली लेकरासारखी वाढवलीस. नवीन पाणी घातलंस, आणि चार दिवसांत बाराच्या बारा चंबू निवळले. हिरवं गेलं, खाली चिमूटभर गाळ, वर काचेसारखं पाणी. तू तडक काच धुण्याच्या खोलीत आलीस आणि केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाई, फिटर, सगळ्यांसमोर म्हणालीस, "आजी, चंबूंना साबण राहिला. माझे चार महिने गेले."

एकतीस वर्षं मी या समुद्र-संशोधन केंद्राची काच धुते. ब्रश, मग नळाचं पाणी तीन वेळा, मग ॲसिडचं पाणी, मग डिस्टिल पाणी तीन वेळा. तू चार वर्षांची असताना याच मोरीच्या कट्ट्यावर बसून माझ्या विसळण्या मोजायचीस. दोन झाल्या की ओरडायचीस, "आजी, अजून एक!" आणि तुला वाटतं साबण राहिला?

साबण नव्हता. एवढंच सांगायचं होतं.

मोठ्या बाईंनी रजिस्टरात लिहिलंय, "काचसामान नीट धुतलेलं नव्हतं." ऑगस्टमध्ये धुण्याचं यंत्र येणार, आणि मी घरी बसणार. मला काही फरक पडत नाही. गुडघे तसेही कुरकुरतात. आता मला लेबलं चिकटवायला बसवलंय. खुर्ची आहे, पंखा आहे, खिडकी आहे. राणीसारखी बसते आणि आंधळ्यासारखी वाकडी लेबलं लावते, कारण चष्मा डब्याशिवाय पर्समध्ये घासून घासून धुरकट झालाय.

डबा पाठव.

आजी


३० जून

चि. मिरी,

बोट आली, बोट गेली. डबा नाही, उत्तर नाही. ठीक आहे. हट्ट कुणाकडून घेतलास ते मला आरशात दिसतं.

मला एक सांगायचंय. रागावशील, पण तू आधीच रागावलेली आहेस, तेव्हा तेही त्यातच उरकून घे.

मार्चमध्ये तू मला उरलेलं हिरवं पाणी मोरीत ओतायला दिलं होतंस. मी सगळं ओतलं नाही. एक बरणीभर घरी आणलं. नियम मला माहीत आहे, केंद्रातलं काही बाहेर न्यायचं नाही. पण काय रंग होता गं तो! मी म्हटलं, स्वयंपाकघराच्या खिडकीत शोभेल. तुझं बघून बघून मलाही जमलं. उकळून गार केलेलं समुद्राचं पाणी घालायचं, टाकून द्यायला दिलेलं ते खताचं पाणी दोन थेंब, आणि ऊन. एकाच्या तीन बरण्या झाल्या. कुंडीतल्या झाडांपेक्षा सोपं. पानं गळत नाहीत, मुंग्या येत नाहीत. खालचा शिंपी येऊन म्हणाला, "आजीबाई, हे काय सरबत?" मी म्हटलं, "पिऊन बघा, तुमची कटकट तरी संपेल."

आणि दुसरं. तू भांडलीस त्या दिवशी तुझे बारा चंबू ओतायला मलाच लावलं. तेव्हा मी त्यातल्या निवळलेल्या पाण्याची एक बाटली भरून घेतली. पुरावा म्हणून. घरी येऊन शिंप्यासमोर खळखळ हलवली आणि विचारलं, "सांगा, फेस आला?"

"नाही आला."

"मग साबण कुठेय?"

तो सुई दातात धरून म्हणाला, "आजीबाई, थोडाच साबण असेल तर फेस येत नाही. पण किड्यामुंगीला तेवढा पुरतो."

शिवणयंत्रावर बसून बसून माणूस वकील होतो हे मला माहीत नव्हतं. मी बाटली फ्रिजच्या तळाशी ढकलून दिली. दीड महिना तिच्याकडे पाहिलं नाही.

मग गेल्या आठवड्यात राहवलं नाही. एका काचेच्या पेल्यात माझं खिडकीतलं हिरवं घेतलं आणि त्या बाटलीतलं चमचाभर निवळ पाणी त्यात टाकलं. म्हटलं, साबण नाहीये, काय होणार? हिरवंच राहील, मग तुझ्या नाकावर टिच्चून पत्र लिहीन.

चौथ्या दिवशी पेला निवळला. खाली गाळ, वर काच.

मी तो पेला पडद्यामागे, खिडकीच्या टोकाला ढकलला. शिंप्याने जिन्यातून विचारलं, "काय झालं हो सरबताचं?" मी दार लावून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साबण नव्हता हे मी अजूनही म्हणते. पण या वेळी जरा हळू आवाजात.

आजी

ता. क. तुझ्या आईला सांगितलंय की तू मजेत आहेस. खरं काय ते तू तिला तरी कळव.


२२ जुलै

चि. मिरी,

हे पत्र बसून वाच. जहाज हलत असेल तर काहीतरी धरून बस.

मागचं पत्र टाकलं, त्याच दिवशी मी दुधाला विरजण लावत होते. चमचा हातात होता आणि डोक्यात एकदम उजेड पडला. चमचाभर दह्याने भांडंभर दूध विरजतं. त्या दह्यातला चमचाभर घेऊन दुसरं भांडं. त्यातला घेऊन तिसरं. वर्षभर कर, जोर कमी होत नाही, कारण विरजण वाढतं. पण चमचाभर मीठ भांडंभर पाण्यात टाक, त्यातलं चमचाभर दुसऱ्या भांड्यात, त्यातलं तिसऱ्या. तिसऱ्याला मीठ आहे हे जिभेला कळणारसुद्धा नाही. मीठ वाढत नाही, नुसतं वाटलं जातं.

साबण हा मिठाच्या जातीचा. बरोबर?

मग मी पेले मांडले. होते नव्हते तेवढे सगळे, शिंप्याकडूनही दोन आणले. माझ्या हातचे धुतलेले, आणि वरून उकळलेले, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. प्रत्येकात खिडकीतलं हिरवं. पहिल्यात त्या बाटलीतलं चमचाभर. तो निवळला की त्यातलं चमचाभर दुसऱ्यात. दुसरा निवळला की तिसऱ्यात. प्रत्येक वेळी चमचा उकळून. आणि पलीकडच्या ओळीत तेच, पण कपड्याच्या साबणाचं पाणी घेऊन.

साबणाचा पहिला पेला मेला. दुसरा फिकटला. तिसरा हिरवागार, त्याला कळलंसुद्धा नाही साबण म्हणजे काय.

तुझ्या पाण्याचा पहिला गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. पुढचे तर चार दिवसही थांबेनात, दोन-तीन दिवसांत निवळू लागले. आज सहावा गेला. सहा वेळा वाटलं गेलेलं पाणी, आणि जोर पहिल्याहून जास्त!

शिंपी रोज सकाळी कात्री हातात घेऊनच वर यायचा. आज सहावा पेला बघून खुर्चीवर बसला. म्हणाला, "आजीबाई, हे साबण नाही. हे काहीतरी जित्तं आहे."

"मी काय म्हणत होते?"

"तुम्ही काहीच म्हणत नव्हता. तुम्ही दार लावून घेतलं होतंत."

तेही खरंच.

आता मिरी, मी इथेच थांबून सही केली असती तरी चाललं असतं. सहा पेले, साबण नाही, मी सुटले. पण माझी खोड तुला माहीत आहे. तिसरी विसळणी झाल्याशिवाय हात थांबत नाही. गेल्या आठवड्यात एक पेला निवळला तेव्हाच शिंपी उठता उठता म्हणाला होता, "जित्तं असेल तर उकळल्यावर मरेल." म्हणून मी ओळीच्या शेवटी आणखी एक पेला ठेवला होता, आठवडाभरापूर्वीच. त्यातही चमचाभर निवळ पाणीच टाकलं, पण आधी खळखळून उकळून. बाकी सगळं तेच.

तो पेला आजही हिरवा आहे.

शिंपी टाळी वाजवून म्हणाला, "बघा! सिद्ध झालं!" मी मात्र त्या पेल्याकडे बघत उभी राहिले. त्याला कळलं नाही, तुला कळेल. उकळलं असतं तर काही झालं नसतं.

आता खरं ऐक. तू चंबूंत नवीन पाणी घातलंस, त्या आठवड्यात वाफेच्या मशीनचं रबर फाटलं होतं. तुम्ही ज्याला ऑटोक्लेव्ह म्हणता ते. फिटर म्हणाला उद्या बसवतो. आणि तू सकाळपासून तीनदा येऊन गेलीस, "आजी, पाणी झालं का? आजी, झालं नाही अजून?" मी एकतीस वर्षांत कुणाला "झालं नाही" म्हटलेलं नाही. मी समुद्राचं पाणी सगळ्यात बारीक फिल्टरमधून दोनदा गाळलं. मनाशी म्हटलं, एवढ्या बारीक छिद्रातून काय जाणार आहे? कॅन भरला. आणि फळ्यावर "वाफवलं" च्या पुढे बरोबरची खूण केली.

ती खूण खोटी होती.

भांडणाच्या दिवशी मी इतकी ओरडले ना साबणावरून, ते म्हणूनच. साबणाचा आरोप खोटा होता, तो मला बरा सापडला. खोट्या आरोपाआड खरी चूक छान लपते. माणूस मोठ्याने "नाही" म्हणतो आणि त्याला स्वतःलाही वाटतं आपण निर्दोष.

साबण नव्हता. पाणी कच्चं होतं. तुझे चार महिने माझ्यामुळेच गेले, फक्त तू म्हणालीस त्या कारणाने नाही.

हे तुला आधी सांगितलं. उद्या मोठ्या बाईंना सांगते.

आजी


१९ ऑगस्ट

चि. मिरी,

बोट पुन्हा रिकामी आली. तुला माझं मागचं पत्र मिळालं असेल आणि तू ते चुरगळून समुद्रात टाकलं असशील तर मासे शहाणे होतील. माझं म्हणणं मी सांगत राहते.

मोठ्या बाईंकडे गेले. सगळे पेले पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून, शिंप्याला खोकं उचलायला लावून. तो केंद्राच्या दारातच म्हणाला, "आजीबाई, मी बाहेर थांबतो, मला हे विज्ञान सोसत नाही." खोकं माझ्या हातात देऊन पळाला.

बाईंना मी सगळं सांगितलं, कच्च्या पाण्यासकट आणि खिडकीतल्या बरणीसकट. त्या चष्मा कपाळावर ढकलून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आजी, फळ्यावर खोटी खूण? तुम्ही?"

"मी," म्हटलं.

"आणि केंद्रातलं प्लवक घरी?"

"तेही मीच. आणखी आठवत नाही, आठवलं तर येऊन सांगते."

हसू आलं होतं त्यांना, पण दाबलं. चांगली खरडपट्टी काढली माझी, पाऊण तास. बरोबर केलं. मग रजिस्टर काढलं, "काचसामान नीट धुतलेलं नव्हतं" वर रेघ मारली आणि खाली लिहिलं, "पाणी न वाफवता दिलं, नोंद खोटी केली." मला सही करायला सांगितली. मी केली, ठळक. खरं सांगू? बाहेर आले तेव्हा चाल हलकी झाली होती. खोट्या गुन्ह्यापेक्षा खरा गुन्हा बरा. निदान तो आपल्या मापाचा असतो.

मग बाईंनी माझे पेले हातात घेतले. एकेक उजेडात धरला. म्हणाल्या, "उकळलेला पेला ठेवायचं तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "खालच्या शिंप्याने." त्यावर त्यांनी तो पेला पुन्हा उजेडात धरला.

त्यांनी तेच सगळं प्रयोगशाळेत पुन्हा केलं, आणि थोडं पाणी मोठ्या सूक्ष्मदर्शकासाठी दुसऱ्या गावी पाठवलं. काल फोटो आला. मला बोलावून दाखवला. मिरी, हिरव्या पेशीच्या पोटात नुसते दाणे खच्चून भरलेले! सहा कोनांचे, पैलू पाडल्यासारखे, सगळे एका मापाचे. फिटरच्या डब्यातल्या नटांसारखे. बाई म्हणाल्या हे विषाणू. सगळ्यात बारीक फिल्टरमधूनही सुखाने निघून जातात. एकटे असले की ना खातात, ना हलतात, ना वाढतात. पण आपल्याला हवी तीच पेशी भेटली की आत शिरतात, तिच्याच सामानातून आपल्यासारखे शेकडो घडवतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात.

"म्हणजे दुसऱ्याच्या घरात घुसून, त्याच्याच चुलीवर स्वयंपाक करून, जाताना घर पाडायचं?" मी विचारलं.

"तसंच," म्हणाल्या.

"माझ्या धाकट्या दिराचं असंच होतं," मी म्हटलं. या वेळी त्यांनी हसू दाबलं नाही.

हे आपल्याला चावतात का, हेही विचारून घेतलं, कारण शिंप्याने खोकं उचललं होतं. नाही म्हणाल्या. एका जातीचा विषाणू दुसऱ्याच्या दारात जात नाही, हा हिरव्याचा तो हिरव्यालाच. तरी शिंपी गेले दोन दिवस हात धुतोय. धुऊ दे, तेवढीच गिऱ्हाइकांची कापडं स्वच्छ राहतील.

यंत्र आलंय धुण्याचं. पहिल्याच दिवशी सात चंबूंच्या माना मोडल्या. मी जवळून गेले, फक्त जरा सावकाश. बाईंनी मला मोरीवर परत बसवलंय. एक अट घातली, फळ्यावर आता दोघांच्या खुणा हव्यात, एक माझी आणि एक ज्याने मशीन चालू असताना डोळ्यांनी पाहिलं त्याची. मी म्हटलं, अट चांगली आहे, ही अट आधी असती तर माझी नात माझ्याशी बोलत असती.

ते वाक्य तोंडातून निसटलं. बाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं. बाई चांगल्या आहेत.

आजी


११ सप्टेंबर

चि. मिरी,

डबा आला!

सामानाच्या बोटीवरच्या माणसाने केंद्रात आणून दिला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर तुझ्या अक्षरात "आजी, काच धुण्याची खोली". रबर तसंच आहे. उघडला तर आत घडी घातलेले कागद कोंबून भरलेले. चष्मा घालून वाचायचं पत्र चष्म्याच्या डब्यात पाठवतात का गं? पण आवडलं.

वाचलं. मोरीपाशी उभ्याने एकदा, घरी बसून दोनदा, शिंप्याला वाचून दाखवताना चौथ्यांदा. "प्रिय आजी" नाही, "कशी आहेस" नाही. सरळ आकडे घालून मुद्दे. एक, साबण नव्हता, हे मान्य. दोन, त्या दिवशी ऑटोक्लेव्हची शिट्टी ऐकू आली नव्हती, हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं, मी घाईत होते. तीन, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. मग चारपासून चौदापर्यंत नुसते प्रश्न. चमचा केवढा, पेला केवढा, खिडकी कुठल्या दिशेची, पाणी किती वेळ उकळलं, तारखा काय.

शिंपी म्हणाला, "ही माफी आहे की पंचनामा?"

मी म्हटलं, "आमच्या घरात एवढ्यावरच भागतं. मुद्दा तीन पुन्हा वाचा." आणि त्याने वाचला. मीही ऐकला.

प्रश्नांची उत्तरं मागच्या कागदावर आहेत, एकेक करून. चमचा तुझा लहानपणीचाच, मागे चिमणी असलेला.

तू जहाजावरून जे पाहिलंस ते वाचून मात्र मी थक्क झाले. दोन दिवस जहाज चाललं तरी संपत नव्हतं एवढं हिरवट पाणी, आणि आठवड्याने त्याच जागी परत आलात तर निवळ. मी पेल्यात बघितलं तेच, पण आभाळाएवढ्या पेल्यात. तू पाणी काढून तपासलंस, तर त्यातही हेच सोदे, चमच्यात कोट्यवधी. तू लिहिलंयस की समुद्रात हे रोजच चालतं. पेशी फुटते, आतला रस पाण्यात सांडतो, तो रस जिवाणू खातात, जिवाणूंना त्यांच्याहून मोठे, त्यांना आणखी मोठे, असं करत काही घास माशापर्यंत जातात. ती झाडं न फुटता तळाला बुडाली असती तर वरच्यांचं खाणं खोल गेलं असतं. हे फोडतात म्हणून बरंचसं वरच राहतं, पुन्हा पुन्हा वापरलं जातं. आणि एकाच जातीचं हिरवं फार माजलं की त्यालाच आधी गाठतात, म्हणजे बाकीच्यांना जागा होते.

म्हणजे समुद्रालाही कुणीतरी मोरीवर बसवलंय म्हणायचं. भांडी रिकामी करायची, खरकटं पुढे सरकवायचं, पुढच्याला जागा करून द्यायची. आणि एकतीस वर्षं करूनही कुणाला दिसायचं नाही. मला ते नट एकदम जवळचे वाटायला लागले. दिरासारखे म्हटलं होतं ते मागे घेते. दीर काहीच पुढे सरकवत नव्हता.

तू लिहितेस की तुझं काम आता याच दिशेने वळणार, आणि बाईंनीही तुला बोलावलंय. तुझे चार महिने गेले ते परत येणार नाहीत, हे मला माहीत आहे, आणि कच्च्या पाण्यातून काही चांगलं निघालं म्हणून माझी खूण खरी होत नाही. तुझ्या आईला मी काल सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुम्ही दोघी ना!" आणि हसली. मग म्हणाली, "येतेय कधी?" मी म्हटलं, पुढच्या महिन्यात.

आता एक गोष्ट, जी मी बाईंनाही सांगितली नाही. तुझ्यासाठी ठेवली आहे.

तुला आठवतं, मी पहिला पेला पडद्यामागे ढकलला होता? माझं डोकं फिरलं होतं तेव्हाचा? बाकीचे खोक्यातून गेले, तो तिथेच राहिला. मी, जी दुसऱ्याच्या घरी गेले तरी कपबशी विसळून ठेवते, ती एक पेला विसरले. मागच्या आठवड्यात पडदा धुवायला काढला तर दिसला. हात लगेच मोरीकडे वळला. मग उजेडात धरला.

तळाशी गाळ आहे. आणि गाळाच्या वर, कडेने, फिकट हिरवं.

मला वाटलं डोळे. पर्समधून तो धुरकट चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. हिरवंच. अडीच महिने खिडकीत पडून, ना खत, ना कुणाचं लक्ष, सगळे भाईबंद फुटून गेलेले, आणि त्यातले कुणी दोन-चार उरले आणि पुन्हा उठले. मी म्हटलं बघू तरी. थोडं दुसऱ्या पेल्यात घेतलं, खताचं पाणी दिलं आणि फ्रिजमधल्या त्या निवळ पाण्याचा चमचा घातला. मग आणखी एक चमचा घातला. आज नववा दिवस.

ढिम्म. उलट जास्तच हिरवं.

शिंप्याला बोलावून दाखवलं. त्याने चष्म्यावरून बघितलं, माझ्याकडे बघितलं, तुझ्या पत्राकडे बघितलं आणि म्हणाला, "आजीबाई, हे तुमच्याच घराण्यातलं दिसतंय."

पहिला पेला जिथे होता तिथेच आहे. पडदा मी अजून परत लावलेला नाही, ऊन लागावं म्हणून. एकतीस वर्षांत माझ्या हाताखाली आलेली ही पहिली काच, जी मी धुतलेली नाही.

ये आणि बघ. आल्यावर आधी हात धू, तीनदा. मी मोजणार आहे.

आजी